काहील उतरवायची वेळ

पहिल्या मसुद्यात बत्तीस स्लाइड होत्या.
त्यातल्या नऊ नुसता इतिहास:
उसाच्या देवाला झालेला शाप,
सात कुळं, त्यांची जुनी भांडणं,
आणि एक नकाशा, ज्यात पंचगंगा
उलटी वाहायची.
दिलशाद म्हणाली, "छान आहे रे.
पण ह्यात बोटानं करायचं काय?"

उद्यमनगरात लेथच्या डोक्यावर आमची खोली.
खाली बाबूराव मेस्त्री लोखंड सोलतात,
वर आमच्या चहाला लाटा येतात.
मी बत्तीस स्लाइड पुन्हा चाळल्या.
नामं होती, विशेषणं तर ढिगानं.
खेळणाऱ्यासाठी
एकही क्रियापद नव्हतं.

मग वडणग्याला गेलो, सात्ताप्पा मामाकडं.
चाळीस हंगाम गुळव्या आहे तो,
काहिलीशेजारी उभं राहून त्याच्या भुवया
कायमच्या पिंगट झाल्यात.
मी शापापासून सुरुवात केली.
तिसऱ्या कुळापर्यंत आलो,
तेव्हा तो मळी काढत होता. वर न बघता म्हणाला,
"गेम गुऱ्हाळाचा हाय न्हवं?
मग बोलण्याचं गुऱ्हाळ कशापायी लावलंस?
एका दमात सांग."

एका दमात.
तुम्ही गुळव्या आहात. रस उकळतोय.
बोट दाबून धरा, आवाज ऐका,
नेमक्या क्षणी उचला.
लवकर उचललं तर ढेप बसत नाही,
उशीर झाला तर करपली.

मामा थांबला. झाऱ्यातनं थेंब गळत राहिले.
"हे मी रोज खेळतो की," म्हणाला.
"पैसं मिळतात म्हणून काम म्हणत्यात."

त्या रात्री खोडत बसलो.
"अमक्या गेमसारखा, पण आपल्या मातीतला", हे खोडलं.
बाजार किती अब्जांचा, तेही खोडलं,
अब्ज मी कधी पाहिलेले नाहीत.
नकाशा खोडताना जरा वेळ लागला.
(तो मी स्वतः काढला होता. शाईनं.)
उरल्या चार स्लाइड, आणि दिलशादनं
मामाच्या काहिलीवरून टिपून आणलेला आवाज:
आधी फसफस,
मग पटपट पटपट,
मग घट्ट होत जाणारं
बुडुक…
       बुडुक…

ताराराणी चौकाजवळचं हॉटेल. एसी उगाच थंड.
बेंगळुरूच्या नंदिताबाईंचं विमान चारला,
आमच्या आधी तिघं येऊन गेलेले,
टेबलावर त्यांच्या फायली, त्यांचे ड्रॅगन.
मी ते एक वाक्य बोललो आणि फोन पुढं सरकवला.

ह्यानंतरचं कुणी शिकवत नाही:
हात मागं घेणं.
"इथं जरा बग आहे" हे न सांगणं,
"आता, आता उचला" हे न सांगणं,
समोरच्याला आपल्यादेखत
हरू देणं.

बाईंनी पहिल्यांदा पातळ केला.
दुसऱ्यांदा करपवला. तिसऱ्यांदाही.
चौथ्यांदा कानातलं डूल काढून त्यांनी फोन कानाजवळ नेला.
दिलशादनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

मग प्रश्न. किती जण? दोघं.
किती महिने? नऊ.
किती पैसे? अठरा लाख, हिशोब ह्या कागदावर.
काय जमत नाहीये?
इथं मी अडकलो, खरं तर खोटं बोलणार होतो.
"दहाव्या काहिलीनंतर कंटाळा येतो," दिलशाद म्हणाली.
"त्यावर अजून उत्तर नाही. दोन वाटा आहेत, दोन्ही करून बघायच्यात."
बाईंनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी मामाचा फोन.
"काय म्हणाली?"
"कळवते म्हणाल्या."
"आन् मग?"
"मग उठताना म्हणाल्या, फोन द्या जरा,
अजून एकदा बघते."
"तू काय बोललास?"
"काहीच नाही."

पलीकडं चुलवाणाची धगधग,
कुणीतरी चिपाड आत सारत होतं.
"हं," मामा म्हणाला. "ठेव आता.
माझी उतरायला आलीय."